काफाच्या रानातली कॉफी

पडवीत ताजं गवत पसरलेलं आहे, पायाला ओलं लागतं. इथिओपियाच्या नैऋत्येला, काफा भागातलं हे बोंगा गाव. घरच्या बाई बुटक्या बैठकीवर बसून हिरवट बुंददाणे पाण्यात चोळून धुताहेत. शेगडीतले कोळसे फुलले की त्यावर तवा चढतो. दाणे सतत हलते ठेवावे लागतात. त्यांचा हात थांबत नाही. दाणे पिवळे होतात, तांबूस होतात, तडतडतात, तेलाने चकाकू लागतात. मग बाई धुरासकट तवा उचलून एकेकापुढे धरतात. आपल्याकडे आरती घेतात तसा जो तो तो धूर दोन्ही हातांनी चेहऱ्याकडे ओढून घेतो. मीही घेते.

लाकडी उखळात दाणे कुटले जातात. कोपऱ्यात लोबान धुमसतोय, लाह्यांची परडी फिरतेय. जबना म्हणजे काळ्या मातीचं, लांब मानेचं भांडं. त्यातली उकळी मानेपर्यंत चढते, खाली बसते, पुन्हा चढते. बाई ते हातभर उंच धरतात आणि धार न तोडता बिनकानाच्या कपांची अख्खी रांग भरतात. घोट कडू, दाट. मागाहून फुलांचा हलका गंध.

पडवीपलीकडे लगेच रान आहे. उंच झाडांच्या सावलीत कॉफीची झुडपं दाटली आहेत. "ही कुणी लावली?" मी विचारते. घरातला मुलगा म्हणतो, "माकडांनी. पक्ष्यांनी."

याच नैऋत्येकडच्या रानांतलं अरेबिका जातीच्या कॉफीचं बी तांबडा समुद्र ओलांडून येमेनला गेलं. पंधराव्या शतकात तिथले सूफी रात्रीच्या जिक्रला, म्हणजे नामस्मरणाला, जागं राहण्यासाठी कॉफी पीत. पुढे मोखा बंदरातून तिचा व्यापार वाढला. डचांनी जावात मळे केले. तिथलं रोप ॲमस्टरडॅमच्या बागेत आलं, आणि त्याच्या वंशातलं एक १७१४ मध्ये चौदाव्या लुईला नजर झालं. अमेरिका खंडातल्या कितीतरी मळ्यांची पैदास अशा मोजक्या रोपांपासून झाली आहे. या प्रवासाचं कौतुक खूप होतं. मला त्यातला धोका मोठा वाटतो. एका कुळातली झाडं एकाच रोगाने जातात. सिलोनमध्ये १८६९ साली कॉफीच्या पानांवर तांबेरा दिसला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत मळेच्या मळे उठले. त्या जागी चहा आला.

जबन्यात त्याच भुकटीवर नवं पाणी पडतं. पहिला कप अबोल झाला, आता दुसरा तोना, मग तिसरा बरका. तिसऱ्या कपाआधी पाहुण्याने उठायचं नसतं. या देशात पिकणाऱ्या कॉफीतली निम्म्याच्या आसपास इथेच अशी सावकाश प्यायली जाते. गप्पा रानाकडे वळतात: कुठे शेतासाठी झाडं तुटली, कुठे पाऊस उशिरा आला.

काफाच्या या रानाला २०१० मध्ये युनेस्कोने जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. तरी जगातल्या १२४ रानटी कॉफी जातींपैकी सुमारे ६० टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचं २०१९ च्या अभ्यासात दिसलं, आणि त्यांत रानातला अरेबिकाही आहे. तांबेऱ्याला आणि दुष्काळाला पुरून उरणारं बी उद्या हवं झालं, तर ते याच झुडपांत शोधावं लागेल. काफाच्या रानातली कॉफी कुठे मिळाली, तर चार पैसे जास्त देऊन घ्या. तिला नीट दाम मिळाला, तरच इथल्या शेतकऱ्याला रान उभं ठेवणं परवडेल.