साडेचार इंचांचा दिवा

4509. छोट्या विमानांची देखभाल करणाऱ्या माणसाला एवढा आकडा सांगितला की पुरे, पुढचं काही सांगावं लागत नाही. जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा हा सीलबंद दिवा 13 व्होल्टवर चालतो, 100 वॅट खातो आणि त्याच्या काचेचा व्यास साडेचार इंच असतो. जुन्या सेसना, पायपर चेरोकी आणि त्यांच्या भाऊबंदांनी कित्येक दशकं रात्रीची धावपट्टी याच दिव्याच्या उजेडात शोधली. ज्या विमानांत 28 व्होल्टची वीज असते त्यांच्यासाठी याच आकाराचे वेगळ्या क्रमांकाचे दिवे असतात. या 4509 च्या माहितीपत्रकात एक आकडा असा आहे की पहिल्यांदा वाचणाऱ्याला ती छपाईची चूक वाटावी: आयुष्य, 25 तास.

ती चूक नाही. फिलामेंट जितकं जास्त तापवावं तितका उजेड लख्ख आणि आयुष्य कमी, हा सौदा दिवा बनवणाऱ्यांनी जाणूनबुजून केला. उतरतानाची पाच-दहा मिनिटंच दिवा लावायचा, मग 25 तास कित्येक महिने पुरतील, असा त्यांचा हिशेब होता. वैमानिकांनी तो मोडला. दिवसाढवळ्याही विमानतळाच्या आसपास दिवा लावून उडायची सवय पडली, कारण समोरून येणाऱ्याला आपलं विमान लवकर दिसतं. त्यातून काही विमानांत हा दिवा नाकाशी, इंजिनाच्या आवरणातच बसवलेला. तापून मऊ झालेली टंगस्टनची तार आणि चार सिलिंडरची थरथर यांचं फार दिवस जमत नाही. बल्ब जातो, आणि बहुधा हवा असतो तेव्हाच जातो.

खानदेशात हा विषय वाटतो तितका परका नाही. जुहूच्या आकाशात गर्दी वाढली तसं बॉम्बे फ्लाइंग क्लबचं विमान-प्रशिक्षण धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवर आलं. शिरपूरला तांडे गावच्या धावपट्टीवर वैमानिक तयार होतात. जळगावचा विमानतळ 2012 च्या मार्चमध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते सुरू झाला, आणि 2021 मध्ये विमानतळ प्राधिकरणानं देशात ज्या पाच ठिकाणी उड्डाण-प्रशिक्षण संस्थांना जागा द्यायचं ठरवलं त्यांत जळगावचं नाव होतं. मोकळं आकाश, बहुतेक महिने स्वच्छ हवा आणि मोठ्या विमानांची फारशी वर्दळ नाही, म्हणून हे सगळं इकडे आलं. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी जी 200 तासांची उड्डाणं लागतात, त्यांत 5 तास रात्रीचे असावे लागतात, आणि त्यांत स्वतः कप्तान म्हणून 10 उड्डाणं नि 10 उतरणी. प्रशिक्षणाच्या विमानाला दिवा हा शोभेचा भाग नसतो तो यासाठी.

याच धुळ्याच्या धावपट्टीवर 2020 च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन अमोल यादव यांचं सहा आसनी विमान हवेत गेलं. ते मुंबईत, कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं. 2016 च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी व्हायला 2017 चा नोव्हेंबर उजाडला, क्रमांक मिळाला व्हीटी-एनएमडी, आणि कागदांची पुढची वाट चालून मग धुळे. शिवकर बापूजी तळपद्यांनी 1895 मध्ये गिरगाव चौपाटीवर काय उडवलं, यावर मराठीत जेवढी शाई सांडली तिच्या दशांशही या विमानाच्या वायरी, रिवेट आणि नळ्यांवर सांडलेली नाही. मला यात आपला तोटा दिसतो. दंतकथेला दिवा लागत नाही, खऱ्या विमानाला लागतो. आणि तो कोणता लावायचा हे घरी विमान बांधणाऱ्या माणसाला स्वतः ठरवावं लागतं. कारखान्यातून आलेल्या विमानाच्या मालकाला तेवढी मोकळीक नसते, आणि तेवढी डोकेदुखीही नसते.

जगभरचे होमबिल्टवाले आज बहुतेक एकाच उत्तराशी येऊन थांबतात: एलईडी. अमेरिकेत 1953 मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन काढली तेव्हापासून या मंडळींना जे हाताशी येईल ते विमानात बसवायची सवय आहे. मोटारीचे हॅलोजन दिवे पंखाच्या पुढच्या कडेत भोक पाडून बसवायचे आणि त्यावर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची वाकवलेली पट्टी मारायची, ही पद्धत त्यांनीच रूढ केली. त्यांच्या विमानांतले अल्टरनेटर छोटे असतात. 100 वॅटचे दोन दिवे लावले की 15 अँपिअर गेले. रेडिओ, ट्रान्सपाँडर, पेट्रोलचा पंप यांच्या वाट्याला उरलंसुरलं. एलईडीची जोडी तेच काम चार-पाच अँपिअरमध्ये करते. म्हणजे दिवा उड्डाणभर लावून ठेवता येतो, आणि हजारो तास पुरतो.

जाहिरात इथे संपते. काम इथून सुरू होतं.

पहिला घोळ उजेड मोजण्याचा. दुकानदार ल्यूमेनचा आकडा दाखवतो, मोठा आणि ठळक. पण ल्यूमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून किती उजेड निघतो ते. वैमानिकाला हवी असते कँडेला, म्हणजे एका दिशेला तो किती जोरात जातो ते. विहिरीवरच्या मोटारीचं पाणी तेवढंच असतं, नळीचं तोंड चिमटीत धरलं की धार लांब जाते. 4509 चं सगळं शहाणपण त्याच्या चिमटीत आहे. मागे परवलयाकार, अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला आरसा, त्याच्या नाभीवर फिलामेंट, आणि मधल्या झोतात 1,10,000 कँडेला. गणित करून पाहा: 300 मीटरवर हा झोत साधारण 1.2 लक्स उजेड पाडतो. पौर्णिमेचं स्वच्छ चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं. म्हणजे चांदण्याच्या चार-पाच पट, एवढाच. 60 नॉट वेगानं येणारं विमान सेकंदाला 31 मीटर कापतं, तेव्हा हे 300 मीटर म्हणजे दहा सेकंदांची सवड. स्वस्तातला रुंद झोताचा एलईडी घेतला आणि त्याच्या झोताचा कोन दुप्पट निघाला, तर तेवढाच उजेड चौपट जागेवर पसरतो. मग जमीन जवळून छान उजळते आणि लांबचं काही दिसत नाही. जमिनीवर विमान चालवायला असा दिवा उत्तम. उतरायला नाही. जीपच्या टपावर लावायच्या एलईडी पट्ट्या विमानावर फसतात त्या इथेच. म्हणून जाणकार माणूस एक दिवा अरुंद झोताचा घेतो आणि एक रुंद.

दुसरा घोळ उष्णतेचा, आणि तो खानदेशात जास्त भोवतो. एलईडी थंड असतो हा समज अर्धाच खरा आहे. जुना दिवा आपली बहुतेक ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपात काचेतून पुढे फेकून देतो, त्यामुळे समोर हात धरला तर भाजतं. एलईडीच्या झोतात ऊब नसते, कारण त्याची सगळी उष्णता मागे, चिपच्या बुडाशी, नखाएवढ्या जागेत साचते. तिथून ती अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांत आणि मग हवेत गेली पाहिजे. आता हा दिवा पंखाच्या कडेतल्या बंद कप्प्यात आहे, पुढे अ‍ॅक्रिलिक आहे, महिना मे आहे, जागा जळगाव आहे. भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या पुढे जाणं ही बातमीही राहिलेली नाही. उन्हात तासभर उभ्या असलेल्या विमानाचा पत्रा हाताला सोसत नाही. अशा कप्प्यात दिवा लावून, इंजिन मंद ठेवून, क्रमांकाची वाट बघत उभं राहिलं की चांगला दिवा स्वतःच आपला प्रवाह कमी करून घेतो आणि मंदावतो. वाईट दिवा तसाच जळत राहतो, आणि हजारो तासांचं आयुष्य आटत जातं. ते हजारो तासही दिवा विझेपर्यंतचे नसतात. उजेड मूळच्या 70 टक्क्यांवर येईपर्यंतचे असतात. फिलामेंट जातं ते कळतं. एलईडी हळूहळू म्हातारा होतो ते वैमानिकाच्या लक्षात येत नाही, कारण त्याची नजरही त्याच्याबरोबर सरावत जाते.

उपाय साधे आहेत. दिव्याची बैठक सरळ पंखाच्या धातूच्या फासळीला टेकवायची, मध्ये उष्णतावाहक लेप लावायचा, कप्प्याला मागून हवा जायला वाट ठेवायची आणि जमिनीवर उभं असताना दिवा बंद ठेवायचा. हवेत वारा काम करतो.

तिसरा घोळ सगळ्यांत चिवट, आणि खरं सांगायचं तर या बदलातली सगळी कारागिरी इथेच लागते. एलईडीला थेट बॅटरीची वीज चालत नाही. त्याला नेमका, स्थिर प्रवाह लागतो. तो पुरवणारं सर्किट वीज सेकंदाला लाखो वेळा तोडतं आणि जोडतं. प्रत्येक तोडणीच्या कडेला बारीक रेडिओलहरी निघतात, आणि त्यांच्या शाखा-उपशाखा वर वर जात 118 ते 137 मेगाहर्ट्झच्या त्या पट्ट्यात शिरतात, जिथे वैमानिक आणि टॉवर बोलतात. दिव्यापासून कॉकपिटपर्यंत गेलेली पाच-सहा मीटरची वायर नकळत अँटेना होते. मग दिवा लावला की हेडफोनमध्ये खरखर येते किंवा बारीक शीळ वाजते. जुन्या फिलामेंटनं हा त्रास कधी दिला नाही. ती साधी तापणारी तार होती, तिला बोलता येत नव्हतं.

तपासायची रीत जुनी आणि फुकट आहे. इंजिन बंद, बॅटरी चालू. रेडिओचं स्क्वेल्च, म्हणजे सळसळ दाबणारी चाळणी, उघडून नुसती सळसळ ऐकायची. मग दिवा लावायचा, बंद करायचा, पुन्हा लावायचा. सळसळीचा सूर बदलला की चोर सापडला. जवळच्या विमानाचा आवाज खरखरीतूनही ऐकू येतो, त्यामुळे हँगरपाशी बोलून पाहण्यात अर्थ नसतो. कस लागतो तो दूरच्या, क्षीण स्टेशनावर. चोर सापडला की एकेक वाट बंद करत जायचं. जाणारी आणि येणारी वायर एकमेकींना पीळ देऊन न्यायची. परतीची वीज पंखाच्या पत्र्यातून न सोडता स्वतंत्र वायरीनं एकाच अर्थ-बिंदूला आणायची. वायरीवर जाळीचं कवच चढवायचं, दिव्याच्या तोंडाशी फेराइटचं कडं आणि कपॅसिटर बसवायचा. फायबरग्लासच्या विमानात पत्र्याचं कवच नसतं आणि अँटेना बहुधा अंगातच लपवलेली असते, तिथे हे सगळं करूनही कधी कधी दिवाच बदलावा लागतो. विमानासाठी म्हणून बनवलेला एलईडी साध्या बल्बच्या कित्येक पट महाग का, याचं उत्तर मुख्यतः या न दिसणाऱ्या फिल्टरमध्ये आहे.

रंगाबद्दल वाद घालणारे पुष्कळ भेटतील. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन तो पांढरा दिसतो. ती निळी चिप साधल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. कुणाला या निळसर उजेडात धावपट्टीची खोली कळत नाही, कुणाला जास्त कळते. यात मी पडत नाही. धुळीच्या वादळानंतर हवेत जे भुरकट उरतं त्यात कुठल्याही रंगाचा जोरदार झोत डोळ्यांवर परत येतो, एवढं खरं.

एलईडीचा एक गुण मात्र वादातीत आहे. तो क्षणात लागतो, क्षणात विझतो आणि त्यानं थकत नाही. म्हणून डाव्या-उजव्या पंखातले दिवे आळीपाळीनं लुकलुकवता येतात. हलणाऱ्या गोष्टीकडे माणसाची नजर आपोआप जाते, आणि विमानतळाच्या चौकटी फेरीत एकामागे एक चार शिकाऊ विमानं फिरत असताना याचं मोल कळतं. घारींनाही तो आधी दिसतो असा अनेक वैमानिकांचा विश्वास आहे.

दिवा बसवला की त्याचं तोंड जुळवायचं राहतं. विमान उतरणीच्या कोनात यावं म्हणून शेपूट किंवा नाक टेकू देऊन ठेवायचं आणि अंधार पडल्यावर समोरच्या भिंतीवर ठिपका कुठे पडतो ते पाहून स्क्रू फिरवायचे. इथे घाई केली तर अखेरच्या क्षणी, नाक वर उचलताना, सगळा उजेड आभाळाला जातो.

प्रशिक्षण-संस्थेच्या सेसनावर यातलं काहीच मनानं करता येत नाही. तिथे त्या मॉडेलसाठी मान्यता मिळालेलाच दिवा चालतो, तो परवानाधारक मेंटेनन्स इंजिनिअर बसवतो आणि सही करतो. होमबिल्टवाल्याला दिवा निवडता येतो, पण विजेच्या भाराचा तक्ता, वजन, लॉगबुकातली नोंद आणि परवान्याच्या अटी त्याच्याही मागे असतातच. त्यात तो एक नियम स्वतःहून पाळतो: दोन दिवे, दोन स्विच, दोन वायरी, दोन सर्किट ब्रेकर. कारण एलईडीचं सर्किट बिघडलं की त्यावरचा दिवा एका झटक्यात पूर्ण काळोखा होतो.

आणि तेवढं करूनही जे व्हायचं ते झालं तर? रात्रीचं उड्डाण शिकवणारा प्रशिक्षक या प्रश्नाचं उत्तर आधीच शिकवून ठेवतो. धावपट्टीवर उतरायला थोडा वेळ उरला असताना तो न सांगता लँडिंग लाइटचा स्विच खाली पाडतो, आणि विद्यार्थ्याला नुसत्या कडेच्या दिव्यांच्या दोन ओळींवर विमान टेकवावं लागतं. 4509 च्या काळात बऱ्याचदा हा धडा त्याला वेगळा घ्यावाच लागत नसे.