जुनी होडी घेताना रंग बघू नका, बूड बघा

मे महिना सरत आला की आपल्या खाडीकाठच्या गावांत होड्या वर ओढायची घाई सुरू होते. काहींच्या होड्या शाकारल्या जातात, तर काही विकायला निघतात. शाकारणीचा खर्च नको, मुलगा मुंबईला गेला, गुडघे दुखतात, कारणं अनेक असतात. पूर्वी नारळाच्या झाडाला पाटी लागायची, आता मोबाईलवर फोटो फिरतो : "शिडासकट होडी विकणे आहे. उत्तम स्थितीत."

ही उत्तम स्थिती ओळखायची कशी, यासाठी आजचा लेख.

आता तुम्ही म्हणाल, कृषी खात्याच्या माणसाला होडीतलं काय कळतं? खरं आहे, मलाही कळत नव्हतं. काजळीच्या खाडीकाठी माझ्या भागातल्या एका बागायतदाराची कलमं पलीकडच्या तीरावर आहेत. रस्त्याने गेलं तर मोठा वळसा, होडीने गेलं तर पाव तास. एके दिवशी ते म्हणाले, "साहेब, तुम्ही बैल बघून देता, तशी एक होडी बघून द्या." मी म्हटलं, बैल माझा विषय, होडी नाही. मग आम्ही गावातल्या एका म्हाताऱ्या सुतारकाकांना सोबत घेतलं. ज्यांनी आयुष्यभर होड्या बांधल्या आणि दुरुस्त केल्या, त्यांच्यामागे एक दिवस हिंडलो. त्या दिवशी जे शिकलो ते तुमच्यापुढे ठेवतो.

दोन होड्या

विकायला दोन होड्या होत्या. पहिली निळ्या-पिवळ्या रंगाने चकाकत होती. दुसरीचा रंग उडालेला, शिडाला ठिगळं, पण दोर नीट गुंडाळलेले आणि वर झापांचं छप्पर. आमच्या बागायतदारांचं मन अर्थातच पहिलीवर बसलं. काकांनी खिशातून दाभण काढलं आणि नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, रंगावर दाबलं. दाभण लोण्यात जावं तसं दोन बोटं आत गेलं. काका एवढंच म्हणाले, "रंग यंदाचा हाय, लाकूड गेल्या जन्माचं."

दुसऱ्या होडीला तेच दाभण टेकवलं, तर टोकसुद्धा शिरेना.

बंधूंनो, ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. त्याआधी दोन वर्षं याच खाडीत अशीच एक रंगवलेली होडी ऐन ओहोटीच्या ओढीत पाणी धरू लागली. माणसं पोहून काठाला लागली, आंब्याच्या पेट्या मात्र गेल्या. होडीत आपली मुलं बसतात, गडीमाणसं बसतात. बैल खोटा निघाला तर नांगरट अडते. होडी खोटी निघाली तर काय होईल, ते सांगायला नको.

लाकडाचे तीन वैरी

पहिला वैरी पावसाचं पाणी. होडी खाऱ्या पाण्याने कुजते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला गोडं पाणी मानवतं, खारं पाणी तिला रोखून धरतं. म्हणून होडी बहुधा तळाकडून नव्हे, वरून कुजते. नाळेचा आतला कोपरा, मागचं टोक, बसायच्या फळ्यांची टोकं, डोलकाठी उभी राहते ती खाच, म्हणजे जिथे जिथे पाऊस साचतो आणि वारा लागत नाही, तिथे आधी दाभण लावा. हातोडीने हलकेच ठोकून आवाज ऐका. निरोगी लाकूड ठणठणीत वाजतं, कुजकं बद्द वाजतं. नारळ पारखतो तसंच हे.

दुसरा वैरी लाकूड पोखरणारा समुद्रातला जीव. त्याला आपण किडा म्हणतो, पण तो किडा नव्हे. तो आपल्या तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या कुळातला. लहानपणी टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून लाकडात शिरतो आणि आतल्या आत वाढत जातो. बाहेरून फळी साबूत दिसते, आतून तिची चाळण झालेली असते. आंब्याच्या खोडकिडीसारखाच प्रकार, फक्त भुसा दिसत नाही. होडी पाण्याबाहेर काढून वाळवणं, तळ घासून तेल किंवा रंग लावणं, हाच त्यावरचा जुना उपाय. म्हणून मालकाला पहिला प्रश्न हा विचारा : "गेल्या तीन पावसाळ्यांत होडी कुठे होती?" शाकारलेली होती असं शेजारीही सांगत असतील, तर निम्मी परीक्षा पास.

तिसरा वैरी गंज. लोखंडी खिळा खाऱ्या पाण्यात गंजतो, फुगतो आणि भोवतीचं लाकूड फाडतो. फळ्यांवर तांबूस ओघळ दिसले तर एखादा खिळा काढून दाखवायला सांगा. मधोमध बारीक झालेला खिळा निघाला, तर बाकीचे त्याचेच भाऊ समजा. तांब्याचे खिळे असतील तर होडीला दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

लाकूड कोणतं, हेही विचारा. फळ्यांना साग सर्वांत चांगला. बरगड्यांना आईन चालतो. आंब्याचं लाकूड स्वस्त पडतं, पण त्याचं आयुष्य कमी. ते घेऊ नये असं नाही, सागाच्या भावाने घेऊ नये.

बघायला कधी जावं?

पौर्णिमा किंवा अमावास्येच्या उधाणाला जा. तेव्हा ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी लागते, पाणी लांबवर हटतं आणि नांगरलेली होडी कोरडी पडते. मग खाली वाकून बूड बघता येतं. पठाणाला, म्हणजे होडीच्या तळाच्या कण्याला, या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणून धरा. कणा मधे वर उचललेला आणि दोन्ही टोकं खाली उतरलेली दिसली, तर त्या होडीचं कंबरडं मोडलेलं आहे. ती दुरुस्ती आपल्या खिशाची नाही.

आता फळ्यांचे जोड. जोडात कापूस ठोकून वर राळ आणि तेल भरलेलं असतं. नखाने उकरून बघा. कापूस घट्ट असेल तर ठीक. काळा पडून दोऱ्यासारखा निघून येत असेल, तर सगळे जोड पुन्हा भरण्याचा खर्च किमतीतून वजा करा.

इथे एक फसगत उलट बाजूनेही होते. बरेच दिवस जमिनीवर राहिलेली चांगली होडी पाण्यात घातली की पहिल्या दिवशी गळते. बैलगाडीचं चाक उन्हाळ्यात खिळखिळं होतं आणि पाण्यात टाकलं की घट्ट बसतं, तसंच हे. लाकूड फुगलं की जोड मिटतात. म्हणून पहिल्या दिवसाच्या गळतीवरून होडी नाकारू नका आणि कोरड्या होडीवरून पसंतही करू नका. होडी दोन दिवस पाण्यात राहू द्या. तिसऱ्या दिवशी आतलं पाणी उपसून एका बरगडीवर खडूने खूण करा. संध्याकाळी पाणी खुणेच्या किती वर चढलं ते बघा, सगळा हिशेब कळतो. मे महिन्यात सौदा ठरत असेल तर थोडा विसार द्या. बाकी रक्कम नारळी पौर्णिमेनंतर, ही परीक्षा झाल्यावर, असं कागदावर लिहून घ्या.

मुंबईत बांधलेली एक होडी

जुन्या होडीला कमी लेखणाऱ्यांसाठी एक खरी गोष्ट सांगतो. 1963-64 साली मुंबईत कुलाब्याला आपल्याकडच्या सुतारांनी एक शिडाची सागवानी बोट बांधली. लांबी 32 फूट, नाव 'सुहेली'. मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा इंग्रज जहाज अधिकारी. पुढे एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत लागली. त्याच्याजवळ नव्या मोठ्या बोटीसाठी पैसे उभे राहिले नाहीत, म्हणून तो होती तीच सुहेली घेऊन निघाला. 14 जून 1968 ला निघाला तो 22 एप्रिल 1969 ला परतला. शर्यतीत नऊजण होते, पुरी करणारा हा एकटा.

वाटेत अटलांटिक समुद्रात बोट पाणी धरू लागली. तळाच्या कण्याजवळचा जोड उघडला होता. या गृहस्थाने पाण्यात बुडी मारून त्या जोडात कापूस भरला आणि वरून तांब्याची पट्टी ठोकली. आपले सुतारकाका काठावर करतात तेच काम, त्याने समुद्राच्या मध्यात केलं.

पुढची गोष्ट आपल्याला जास्त उपयोगी. 1997 साली ही बोट लंडनमधल्या ग्रिनिचच्या संग्रहालयात मानाने ठेवली. तिथल्या कोरड्या हवेत फळ्या आकसू लागल्या. जी बोट सगळे महासागर पार करून आली, ती छपराखाली बसून खराब होऊ लागली. शेवटी 2002 साली मालकाने ती बाहेर काढली, दुरुस्त केली आणि पुन्हा पाण्यात घातली. बोध असा, की लाकडी होडी वापरात राहिली तर टिकते. वर्षानुवर्षं न हललेली होडी स्वस्त मिळाली, तरी ती स्वस्त असतेच असं नाही.

शीड, दोर आणि कागद

शीड उन्हात धरून बघा. बारीक भोकं दिसतील. दोन्ही हातांनी ताणा. टर्रकन फाटलं तर उन्हाने खाल्लेलं आहे. ठिगळ हा दोष नव्हे, वेळेवर लावलेलं ठिगळ ही मालकाच्या निगेची साक्ष. सुकाणूच्या बिजागऱ्या हलवून बघा. मग वाऱ्यावर एक फेरी मारा, तीही रिकामी नको. नेहमी जेवढं वजन न्यायचं तेवढं घालून मारा.

कागदांचं आपण नेहमी उद्यावर टाकतो. होडी मासेमारीची असेल तर नोंदणी आणि परवाना कोणाच्या नावावर आहे ते मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात विचारा. होडीवर सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज नाही ना, याची लेखी खात्री करा. सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी एक लक्षात ठेवावं : तरीसाठी, म्हणजे माणसं ने-आण करण्यासाठी होडी घ्यायची असेल, तर आधी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात जाऊन परवानगी, माणसांची मर्यादा आणि जीवरक्षक जाकिटांचं विचारून घ्या. होडी आधी आणि परवानगी नंतर, असं करू नका.

आणि सुतार नेल्याशिवाय विसार देऊ नका. होडी जाणणारे सुतार आता गावागणिक राहिले नाहीत. जे आहेत त्यांचे केस पिकले आहेत. त्यांची एक दिवसाची मजुरी देणं परवडतं. जमलं तर आपल्या घरचा एखादा मुलगा त्यांच्यासोबत पाठवा. तपासणीही होईल आणि विद्याही थोडी पुढे जाईल.

आमच्या बागायतदारांनी शेवटी रंग उडालेली होडीच घेतली. मागच्या हंगामात आंब्याच्या पेट्या तिच्यातूनच अलीकडे आल्या. मी विचारलं, "आता तरी रंग काढणार ना?" ते म्हणाले, "काढू की साहेब. आधी झाप बदलतो."

काकांनी हे ऐकलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.