वर्गातला प्रश्न पडवीपर्यंत

आपल्या गटांतल्या मुली-सुना आता मोबाईलवरून कॉलेजचे तास ऐकतात. काही मुलं वर्गात, काही घरी, आणि तास एकच. पण नुसतं ऐकून अडलेलं सुटत नाही, ते विचारता आलं पाहिजे. घरच्या विद्यार्थिनीला ते कसं जमेल, ते आज पाहू.

घरून शिकण्याची वाट आपल्याकडे जुनी आहे. दापोलीजवळच्या मुरूडच्या महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. त्यात घरी अभ्यास करून परीक्षेला बसायची सोय होती. अडलं की विचारायला मात्र शिक्षक समोर नसत. आता फोन आहे, तरी अडचण उरतेच. मागच्या बाकावरची मुलगी प्रश्न विचारते, पण माईक सरांजवळ असतो. घरी फक्त उत्तर ऐकू येतं, कशाचं ते कळत नाही. सरांनी प्रश्न स्वतः पुन्हा म्हटला तरी निम्मं काम होतं. शिवाय आवाज पोचायला वेळ लागतो. घरची मुलगी माईक सुरू करेपर्यंत वर्गानं उत्तर दिलेलं असतं. म्हणून सरांनी आधी घरच्यांना विचारावं, थांबावं, मग वर्गाकडे वळावं. लिहून आलेले प्रश्न वाचायला वर्गातलंच कुणी नेमावं.

आयआयटी मुंबईचे प्राध्यापक दीपक फाटक यांनी देशभरातल्या हजारो शिक्षकांना असंच दुरून शिकवलं. ते शिक्षक जवळच्या कॉलेजात एकत्र जमत, आणि तिथे एक समन्वयक असे. ही रीत आम्हाला फार पटते, कारण आपल्या गटाची बैठक अशीच भरते. चौघीपाचजणींनी एका पडवीत बसावं. बोलता फोन एकच ठेवावा, दोन ठेवले की आवाज घुमतो. एकीनं सगळ्यांचे प्रश्न वहीत घ्यावेत. एकटीला विचारायला लाज वाटते, गटाचा प्रश्न म्हटलं की वाटत नाही. आणि तास चालू असताना सुनेला चहा टाकायला कुणी उठवत नाही, हेही काही कमी नाही.

राहता राहिला पाऊस. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात कितीतरी दिवस वीज नव्हती, रेंज नव्हती. एवढं मोठं नसलं, तरी रेंज जाण्याचे दिवस दर पावसाळ्यात येतात. त्यासाठी तासाचा नुसता आवाज उतरवून घेता यावा, त्याला डेटा कमी लागतो. आणि हुकलेल्या तासातलं साध्या फोनवर विचारायला आठवड्यातली एक वेळ ठरलेली असावी. प्रवेश घेतानाच कॉलेजात विचारा, ही वेळ कोणती आणि फोन कोण उचलणार?