चळवळीचा दस्तऐवज आपल्या हाती: होम सर्व्हरवर काय ठेवावे?

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाले. पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. पुढे बाबासाहेबांनी भारत भूषण छापखाना उभा केला. आपले म्हणणे मांडण्याचे साधन आपल्या हाती हवे, हा त्याचा धडा. आज तेवढेच महत्त्व सर्व्हरला आले आहे.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोली, रबाळे, महापे येथे कंपन्यांची मोठी डेटा सेंटर आहेत. पण सीबीडी बेलापूरमधल्या एखाद्या युवक मंडळाचे वर्षावासाचे, १४ एप्रिलच्या मिरवणुकीचे, मोर्चाचे फोटो कुठे असतात? बहुधा एखाद्या कार्यकर्त्याच्या मोबाइलमध्ये किंवा त्याच्या गुगल खात्यात, जिथे फुकट जागा १५ जीबी मिळते. मोबाइल हरवला किंवा खाते बंद झाले, की इतिहास गेला.

होम सर्व्हर म्हणजे घरात २४ तास चालणारा साधा संगणक. ८ जीबी रॅमचा जुना मिनी पीसी आणि मोठी हार्ड डिस्क सुरुवातीला पुरते. संगणक सरासरी १५ वॅट वीज घेत असेल, तर महिन्याला सुमारे ११ युनिट होतात.

अशा सॉफ्टवेअरच्या शेकड्यांनी याद्या मिळतात. यादी पाहून सुरुवात करू नये. आधी दोन प्रश्न विचारावेत: काय हरवले तर परत मिळणार नाही? आणि हे सांभाळणार कोण? त्यानुसार आम्ही पुढील मुक्तस्रोत सॉफ्टवेअर सुचवतो.

फोटोंसाठी इम्मिच. मोबाइलमधले फोटो ते मूळ आकारात आपोआप सर्व्हरवर घेते. त्यातील चेहरे ओळखण्याची सोय बंद करता येते; आंदोलनाच्या फोटोंसाठी ती बंदच ठेवावी.

कागदांसाठी पेपरलेस-एनजीएक्स. ठराव, निवेदने, पावत्या स्कॅन करून टाकल्या की ते त्यातला मजकूर वाचते. मराठी भाषा जोडून घेतली की छापील मराठीही शोधता येते. कोकण भवनात तीन वर्षांपूर्वी दिलेल्या निवेदनाची पोच मिनिटभरात सापडणे, हीसुद्धा चळवळीची ताकद आहे.

भीमगीते आणि भाषणांसाठी जेलीफिन. घरातल्या जुन्या कॅसेट डिजिटल करून त्यावर ठेवाव्यात. ज्यांचे हक्क दुसऱ्याकडे आहेत, त्या जाहीर वाटू नयेत.

ग्रंथांसाठी कॅलिबर-वेब. बाबासाहेबांच्या हयातीत त्यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांच्या स्वामित्वहक्काची मुदत २०१६ अखेर संपली. मात्र अनुवादांचे हक्क वेगळे असतात, ते तपासावेत. विहारातल्या अभ्यासिकेत इंटरनेट नसेल, तर किविक्सवर मराठी विकिपीडिया उतरवून स्थानिक वायफायवर मुलांना देता येतो.

काय ठेवू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. स्वतःचा ईमेल सर्व्हर चालवण्याच्या फंदात पडू नये. घरगुती जोडणीवरून गेलेले ईमेल बहुतेक वेळा स्पॅममध्ये पडतात. सभासदांचे आधार कार्ड, जातीचे दाखले ‘असू द्यावेत’ म्हणून साठवू नयेत. एका शिबिरापुरते घेतले असतील, तर काम झाल्यावर पुसून टाकावेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे सूत्रही हेच आहे: संमती घ्या, गरजेपुरतेच ठेवा.

सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये. बाहेरून वापरायचा असेल तर वायरगार्ड किंवा टेलस्केल वापरावे. अनेक घरगुती जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता नसतो. टेलस्केल तिथेही चालते.

सर्व्हर घरात आला म्हणजे दस्तऐवज सुरक्षित झाला, असे मात्र नाही. हार्ड डिस्क कधीही बंद पडते. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवावी. महिन्यातून एकदा त्या प्रतीतून एखादी फाइल खरोखर परत काढून पाहावी. पासवर्ड किमान दोघांकडे असावेत आणि त्यांत एक तरुणी असावी. सर्व्हर एकाच माणसाचा झाला, तर कंपनीऐवजी फक्त व्यक्तीवर अवलंबून राहिलो, एवढाच फरक.

मित्रांनो, या महिन्यात एकच सॉफ्टवेअर निवडा. सहा महिने नीट सांभाळा, मगच दुसरे घ्या. पुढच्या १४ एप्रिलचे फोटो मंडळाच्या स्वतःच्या सर्व्हरवर असले, तरी सुरुवात चांगली झाली असे म्हणू.

जय भीम! नमो बुद्धाय!