परतीची वाट आधी

पर्लकोटा नदीला पूर येऊन जुन्या ठेंगण्या पुलावरून पाणी वाहू लागले की भामरागडचा संपर्क तुटतो. म्हणून दुर्गम गावांचे रेशन पावसाआधीच पोचवले जाते आणि दिवस भरत आलेल्या गर्भवतीला कळा येण्याआधीच आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात आणतात. समुद्रतळावर माणसे ठेवणाऱ्या अभियंत्यांचे गणितही हेच. फक्त तिथला पूर बारमाही असतो.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या की लार्गोजवळ सुमारे १९ मीटर खोलीवर ‘अ‍ॅक्वेरियस’ हे केंद्र आहे. एका वेळी सहा जण साधारण दहा दिवस तिथे राहतात. आत शिरायची वाट म्हणजे तळाशी पाण्यात उघडणारे भोक. बादलीत उपडा दाबलेल्या तांब्यातली हवा पाण्याला अडवते, तसेच हे. मात्र त्यासाठी आतल्या हवेचा दाब भोकापाशी असलेल्या पाण्याइतका, म्हणजे जमिनीवरच्या सुमारे अडीचपट ठेवावा लागतो. वीज आणि हवा वर तरंगणाऱ्या बोयातून खाली येते.

कोरडे सामान मजबूत, हवाबंद डब्यांतून पाणबुडे खाली नेतात. पण जमिनीवर बंद केलेले झाकण खालच्या दाबात हाताने निघत नाही. आधी झडप उघडून आतबाहेरचा दाब सारखा करावा लागतो. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियाजवळ ६२ मीटर खोलीवरच्या ‘सीलॅब-२’मध्ये तर टपाल आणि अवजारे पोचवायला टफी नावाचा डॉल्फिन होता.

खरी अडचण परतीची. वाढलेल्या दाबात श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि मेदात मुरतो. दिवसभरात शरीर त्याने जवळपास भरते. पुढे दहा दिवस राहा की महिना, दाब उतरवायला लागणारा वेळ फारसा वाढत नाही. खाली मुक्काम करण्याचा फायदा हाच. पण कुणी घाबरून एकदम वर आला, तर सोड्याची बाटली उघडावी तसे अंगात बुडबुडे सुटतात. लकवा, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. म्हणून ‘अ‍ॅक्वेरियस’मध्ये दार लावून सुमारे १७ तास दाब हळूहळू उतरवतात.

पृष्ठभाग मिनिटभर पोहण्याच्या अंतरावर, तरी वाट १७ तासांची! त्यामुळे कुणी आजारी पडला, तर त्याला वर आणण्यापेक्षा डॉक्टरला खाली पाठवणे लवकर होते. तळावरच्या मोहिमेचे वेळापत्रकही बाहेर पडण्याच्या घटकेपासून मागे मोजत आखावे लागते, माहेरघरात यायचा दिवस प्रसूतीच्या तारखेपासून मागे मोजतात तसे.