पाण्याला विचारून काढलेली वाट

अमरावतीहून नागपूरकडे निघाले की तीसपस्तीस किलोमीटरवर गुरुकुंज मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ११ ऑक्टोबर १९६८ रोजी येथेच देह ठेवला. दर वर्षी आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास, म्हणजे अगदी दिवाळीच्या तोंडावर, भगव्या टोप्यांतले गुरुदेवभक्त गावोगावच्या पालख्या घेऊन पायी येतात. त्या गर्दीत सायकली दामटणारी पोरेही असतात. पाठीमागून ट्रकचा भोंगा वाजतो आणि पोरगे सायकलीसकट कडेच्या गिट्टीत उतरते. पाहणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो. रस्ता चौपदरी झाला खरा; पण पायी चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला त्यात एकही पदर उरला नाही.

मग सायकलींसाठी वेगळ्या वाटा का काढू नयेत? परदेशांत ही हौस चांगली मुरली आहे. अमेरिकेत १९८८ साली डोंगरांत सायकल चालवणाऱ्यांची एक संघटना निघाली आणि वाट कशी आखावी, कशी खोदावी याचे शास्त्रच तिच्या लोकांनी मांडले. शनिवार-रविवारी हौशी माणसे फावडी घेऊन टेकडीवर जातात. आपल्याकडे त्याला श्रमदान म्हणतात. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रामगीतेत ग्रामशुद्धी, ग्रामनिर्माण अशी प्रकरणेच आहेत. तेव्हा मोझरीच्या पंचक्रोशीत कुदळ हाती घ्यायला लाजण्याचे कोणाला कारण नाही.

काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर घेऊन मी अशाच एका गावी गेलो होतो. गायरानातल्या टेकडीवर पोरांसाठी सायकलवाट करायची, असा ग्रामपंचायतीचा ठरावही झाला. आखणी अर्थातच मी केली. मराठीचा प्राध्यापक! मारुतीच्या देवळापासून टेकडीच्या माथ्यापर्यंत चुन्याची सरळ रेघ मारली. सात दिवस मुले राबली, हातांना फोड आले, नारळ फुटला. मृगाचे दोन पाऊस झाले आणि वाटेच्या जागी गुडघाभर खोल घळ उरली.

गावातले एक आबाजी काठी टेकत शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, ‘‘सर, तुमी वाट नाई केली, पान्याले नाली करून देल्ली. पानी काई कोनाच्या बापाचं आयकते का? त्याच्या आडवं जा लागते.’’

पुढे चार पुस्तके चाळली तेव्हा कळले की, सगळे शास्त्र आबाजींच्या त्या बोलण्यातच होते. पाणी सरळ खाली धावते. वाटही सरळ खाली गेली की दोघांचा रस्ता एक होतो. म्हणून वाट टेकडीच्या अंगाला तिरपी काढायची. टेकडी शंभर फुटांत वीस फूट उतरत असेल, तर वाटेचा चढ तेवढ्याच लांबीत दहा फुटांच्या आतच ठेवायचा. वाटेची दरीकडची कड किंचित खाली हवी; तीन फुटांच्या वाटेला दोनेक इंच पुरतात. म्हणजे पाणी वाटेवरून धावत न सुटता तिला ओलांडून निघून जाते. आणि चढता चढता मधूनच वाट थोडी उतरवून पुन्हा चढवायची. सायकलवाल्याला तेवढीच गंमत, आणि साचू पाहणाऱ्या पाण्याला तिथेच बाहेरची वाट. आमच्या काळ्या मातीची तर तऱ्हाच न्यारी. पावसात ती चाकाला लाडवासारखी चिकटते, उन्हाळ्यात तिच्या भेगांत बोट जाते. तेव्हा वाट शक्यतो मुरमावरूनच न्यावी.

हे वऱ्हाडाला नवे आहे म्हणावे, तर तसेही नाही. २०१६ साली पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली, तेव्हा राज्यातल्या तीन तालुक्यांत आमच्या जिल्ह्याचा वरूड होता. त्या कामांत लोकांनी टेकड्यांवर समतल चर खणले. समतल रेघ काढायचे साधे साधन म्हणजे दोन काठ्या, त्यांना जोडणारी आडवी पट्टी आणि मधोमध ओळंबा. ती रेघ एकदा सापडली की तिच्यापासून हवा तेवढा चढ धरता येतो. पाणी अडवायला शिकलेला हात वाटही बांधू शकतो, फक्त त्याला तसे कोणी सांगितलेले नसते.

दुसऱ्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. या खेपेस ओळंबा आबाजींच्या हाती होता आणि मी घमेली वाहत होतो. जुनी घळ दगडांनी बांधून टाकली. नवी वाट लांबीने दुप्पट झाली म्हणून मुले कुरकुरली. त्यांची समजूत काढायला पायथ्याशी मातीचे सात-आठ उंचवटे एका फेऱ्यात रचले. पॅडल न मारता, अंग खालीवर करून त्यांवरून सायकल पळवायची. जत्रेतल्या मौतच्या कुव्यासारखी वळणांची बाहेरची कड उचलून घेतली. ज्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकपर्यंत देशी खेळ दाखवायला गेले, तिच्या शेजारच्या पोरांना खेळायला निदान एवढी माती तरी मिळावी!

त्या साली आषाढात चांगली झड लागली. उघडीप मिळताच मी धावतपळत गेलो. वाट शाबूत होती. दोन ठिकाणी तेवढी कड खचली होती. उंचवट्यांवर पाचसहा पोरे चिखलाने माखून फिरत होती आणि एक परकरी पोर आपल्या भावाची सायकल ओढून घेत होती.

आबाजी वर, वळणावर उभे होते. मला पाहून ओरडले, ‘‘या सर, फावडं घेऊनच या!’’