मशेरीचा डबा

पहाटे चुलीवर तवा तापतो. त्यावर तंबाखू काळीभोर भाजतात, तिची पूड करतात. ती बोटावर घेऊन बायका दात घासतात. हीच मशेरी. आमची आईसुद्धा लावी. “दाढ ठणकायची थांबते,” म्हणे.

ठणका घटकाभर विसरतो खरा. पण आत कीड दात पोखरतच राहते. आणि भाजली तरी तंबाखूच ती! तिने तोंडाचा कर्करोग होतो.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, जखम १५ दिवसांत भरली नाही, तर घरी बसू नका. आरोग्य उपकेंद्रात ३० वर्षांवरील माणसांचे तोंड फुकट तपासतात. चिपळूण तालुक्यात डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. तेथे कर्करोगावर इलाज होतो. म्हाताऱ्यांचे दात पडले असले, तरी त्यांचेही तोंड दाखवा.

अंगणवाडीत, शाळेत आरोग्य पथक येते. त्याला पोरांचे दात दाखवा. सहाव्या वर्षी येणारी दाढ कायमची असते. किडून गेली, तर पुन्हा येत नाही.

आम्ही शाळेत रोज मुलांची नखे पाहिली. त्यांच्या आयांना मशेरीबद्दल मात्र कधी बोललो नाही. ते आज सांगतो. बायांनो, डबा आजच रिकामा करा. आजीचे बघून नातही त्यात बोट घालते.